आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आजोळी जाताना ऐंशीच्या घरातल्या आजी-आजोबांना आणि लहान पोरांना काय भेट न्यावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात नोकरी करता, आखाजीला जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात आजोळी चार दिवस जाणार आहात. आजोबा 82 वर्षांचे, आजी 78 ची आणि तिला शुगर. मामेभावाचा मुलगा 2 वर्षांचा, मुलगी 6 वर्षांची. खर्च पाच-सहा हजारांच्या आत. चोपड्याला आमचं कटलरी आणि खेळण्यांचं दुकान आहे, गल्ल्यावर मी बसते. घरात सासू-सासरेही त्याच वयाचे. त्यामुळे लोक आखाजीच्या आधी काय विकत घेतात ते दुकानात दिसतं आणि त्यातलं काय वापरात येतं ते घरात दिसतं.

आधी काय आणू नका ते सांगते. शाल आणू नका. खान्देशात वैशाखात पारा 44-45 ला जातो आणि तरी दरवर्षी कुणीतरी शाल आणतंच. आमच्या सासऱ्यांच्या कपाटात सत्कारातल्या शाली प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच आल्या नाहीत. ड्रायफ्रूटचा डबा नको, दात नसलेल्या माणसाला बदाम देऊन काय करायचं? स्मार्ट घड्याळ नको. ते रोज चार्ज करायला नातवाला हाक मारावी लागते, आठ दिवसांत ते ड्रॉवरमध्ये जातं.

माझ्यापुरती एकच कसोटी आहे: ही वस्तू त्यांना कुणाला हाक न मारता वापरता येईल का? म्हाताऱ्या माणसाला दिवसातून दहा वेळा कुणाला तरी बोलवावं लागतं. पाणी दे, दिवा लाव, चष्मा शोध. त्यातली एखादी हाक तुमच्या भेटीने कमी झाली तर ती भेट वापरात राहते.

कूलरचंच घ्या. बाहेरगावची लेकरं आखाजीला येताना सगळ्यात जास्त कूलरच आणतात. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडतं आणि कूलर खरंच गारवा देतो. मुंबईच्या दमट हवेत त्याचा असा उपयोग होत नाही. पण मोठा कूलर दुपारभरात तीन-चार बादल्या पाणी सहज पितो. गावात नळ रोज येत नाही, आणि आला तरी 82 वर्षांचा माणूस बादली उचलून कूलर भरेल का? म्हणजे कूलर आजोबांचा आणि काम वहिनीचं. घरात कूलर आधीच असेल (बहुतेक असेलच), तर नवा घेऊ नका. त्याऐवजी दोन गोष्टी करा. एक, जुनी झालेली गवताची पॅडं बदलून द्या. चार उन्हाळे काढलेल्या पॅडमध्ये क्षार आणि धूळ बसून त्याचा दगड होतो, मग पंखा नुसता फिरत राहतो. दुसरं, गच्चीवरच्या टाकीपासून कूलरपर्यंत पाइप टाकून आत बॉलकॉक बसवून घ्या. पाणी कमी झालं की आपोआप भरतं. प्लंबरची मजुरी धरूनही हे नव्या कूलरच्या मानाने फार स्वस्तात होतं, आणि आजोबांना फक्त बटण दाबायचं राहतं. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यायला मात्र विसरू नका. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय, यातून आपल्या भागात दर उन्हाळ्यात शॉक लागल्याच्या बातम्या येतात. आणि कूलरमागची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो नुसती दमट वाफ फिरवतो, मग आजी म्हणते की कूलरनं अंग चिकट होतं, बंद कर.

यूएसबीवर चालणारे वीतभर उंचीचे ‘मिनी कूलर’ ऑनलाइन दिसतात, ते घेऊ नका. आमच्या दुकानातही ठेवत नाही.

दुसरी वस्तू तोटीचा माठ. म्हातारपणी तहान लागल्याची जाणीवच कमी होते, त्यामुळे उन्हाळ्यात ही माणसं पाणी कमी पितात आणि मग चक्कर येऊन पडतात. खाटेवर बसल्या बसल्या हात पोचेल एवढ्या उंचीच्या तिवईवर माठ, शेजारी हलका स्टीलचा पेला. वाकायला नको, तांब्या बुडवायला नको. पुण्याहून आणू नका, फुटेल. आखाजीच्या घागरी घेऊन कुंभार बाजारात बसलेलेच असतात, तिथेच मिळेल. तोटीजवळ पाणी झिरपतंय का ते दुकानातच भरून बघा.

कपड्यांत पुण्याच्या दुकानदाराचं ऐकू नका, आजी काय नेसते ते मामीला विचारा. नऊवारी लुगडं नेसत असेल तर सुतीच हवं, आणि सहावारी असेल तर सिंथेटिक नको. ते अंगावर ठरत नाही, निऱ्या पायात येतात आणि ऐंशीच्या घरात एकदा खुब्याचं हाड मोडलं की माणूस खाटेला खिळतो. ब्लाउज पुढून हुकाचं. आजोबांना धोतरजोडी किंवा चांगला बागायतदार रुमाल द्या. रुमाल म्हणजे डोक्याला, घाम पुसायला, बसायला खाली टाकायला, एका कापडात दहा कामं. आमच्याकडे तो मापाचा लागत नाही म्हणून सगळ्यात सोपी भेट तीच.

चपलेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आजीला शुगर आहे. शुगरच्या माणसाच्या पायाची संवेदना हळूहळू कमी होते. खडा टोचला, अंगठ्याचा पट्टा घासला, तापलेल्या फरशीने चटका बसला, तरी कळत नाही. जखम लक्षात येईपर्यंत चिघळलेली असते. म्हणून अंगठ्याचा पट्टा असलेली चप्पल तिच्यासाठी नकोच. वरून रुंद वेल्क्रोचा पट्टा, मागे टाचेला पट्टा, आत मऊ तळ, खाली न घसरणारा सोल. मापासाठी मामेभावाला सांगा: संध्याकाळी, पायाला सूज असते तेव्हा, वर्तमानपत्रावर तिला उभं करून दोन्ही पायांभोवती पेन फिरव आणि तो कागद कुरिअर कर. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तर माप कळत नाही. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरा. दुकानात चप्पल कागदावर ठेवून बघा, रेघ बाहेर दिसली तर एक नंबर वरची घ्या.

खाण्याचं जास्त बोलत नाही. ‘शुगर फ्री’ मिठाईत साखर नसली तरी खवा, मैदा, बेसन असतंच, तेही शुगर वाढवतं. आखाजीला सांजोऱ्या, पुरणपोळी, आंब्याचा रस घरात असणारच, त्यात आणखी कशाला भर? ग्लुकोजची पावडर तर बिलकुल नको. आणि ऑनलाइन मिळणारं ‘कानाचं मशीन’ आजोबांना आणू नका. ते आवाज नुसता मोठा करतं, गोंधळही मोठा होतो. ऐकू कमी येत असेल तर कानाची तपासणी करून द्या, तीच भेट.

रात्रीसाठी चाहूल लागताच पेटणारा छोटा दिवा आणि संडासात धरायचा स्टीलचा दांडा, या दोन्ही स्वस्त वस्तू आहेत. दांडा मात्र व्हॅक्यूमचा नको, तो भार पडल्यावर सुटतो. मिस्त्री बोलावून भिंतीत स्क्रूने बसवा आणि बसवल्यावर स्वतः लोंबकळून बघा. आमच्याकडे हा दांडा आला तेव्हा सासूबाई आधी ‘हाई कसाले?’ म्हणाल्या. आता त्याला धरल्याशिवाय उठत नाहीत.

आता पोरं. दोन वर्षांच्या पोराचं खेळणं आमच्या दुकानात कुणी मागितलं की मी आधी विचारते, घरात मोठं भावंड आहे का? तुमच्याकडे आहे. सहा वर्षांच्या मुलीला मण्यांची माळ करायचं किट दिलं, तर संध्याकाळपर्यंत त्यातला मणी धाकट्याच्या तोंडात गेलेला असेल. म्हणजे दोघांची खरेदी धाकट्याच्या वयाला धरून करायची. तीन वर्षांखालच्या मुलासाठी अंदाज असा, की जी वस्तू साधारण सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीत मावते ती त्याच्या घशात अडकू शकते. गोट्या, चिंचोके, कवड्या, फुटका फुगा, अख्खे शेंगदाणे आणि फुटाणेसुद्धा यात आले. पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत जेलीचे मणी तर घरातच आणू नका, ते पोटात जाऊन फुगतात.

सगळ्यात वाईट म्हणजे बटण सेल. गाणारी बाहुली, दिवे लागणारी चप्पल, वाढदिवसाचं वाजणारं कार्ड, कूलरचा रिमोट, यात तो चपटा चकचकीत सेल असतो. पोराने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेलच्या झाकणाला स्क्रू असेल तरच खेळणं घ्या, नुसतं खटका दाबून उघडणारं झाकण असेल तर दुकानात परत ठेवा. आणि सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, थेट जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात पळा.

खेळण्यावर आयएसआयचं चिन्ह बघा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना तेवढी सूट आहे. गावच्या यात्रेत, आठवडी बाजारात चिन्ह नसलेला माल अजून सर्रास मिळतो. दुकानदार असून सांगते, तो घेऊ नका, भलेही आमचा धंदा वाढवायला म्हटलं असं समजा.

मग द्यायचं काय? दोन वर्षांच्या पोराला ओढायची लाकडी गाडी, हातात मावेल त्याहून मोठा रबरी चेंडू, आणि छोटी बादली-मग. वैशाखात अंगणात पाण्यात खेळण्याएवढं सुख त्याला दुसरं नाही. फक्त मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं आणि खेळ झाला की बादली पालथी. दोन बोटं पाणीही या वयात धोक्याचं.

सहा वर्षांच्या मुलीला झोक्याचा दोर द्या. आखाजी म्हटलं की खान्देशात कडुलिंबाला झोके बांधले जातात, पण आजकाल घरात दोरच नसतो, मग कुणाच्या तरी साडीवर काम भागवतात. बैलगाडीला लागतो तसा जाड, चांगला वळलेला सुती दोर दोरखंडाच्या दुकानातून घ्या, त्याला सुताराकडून कडा घासलेली फळी करून घ्या. पातळ नायलॉनची दोरी हाताला कापते, ती नको. फांदी मनगटाएवढी असेल तर तिच्यावर बांधू नका, मांडीएवढी जाड बघा. आधी मामेभावाने बसून बघायचं.

आणि सगळ्या घरासाठी मोठ्या आकड्यांचे पत्ते आणा. आखाजीला पत्ते आपल्याकडे किती खेळतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. जुगाराचं सोडा, पण आजोबांना दुपारी झोप येत नाही आणि पणतीला बेरीज शिकायचीय. साध्या पत्त्यांवरचे आकडे मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला दिसत नाहीत. मोठ्या आकड्यांचे दिसतात, मग आजोबांना ‘हा कोणता गं?’ विचारावं लागत नाही. आमचे सासरे असल्या पत्त्यांवर नातीला सर्रास फसवतात आणि ती चिडून आम्हाला सांगायला येते.

अजून एक, ही भेट कुणाला सुचत नाही. बँकेतून दहाच्या नव्या नोटांचं एक बंडल काढा. हजार रुपये. ते आजीच्या हातात द्या, पोरांना नाही. आखाजीला घरात येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातावर काहीतरी ठेवायची या वयातल्या बायकांना फार हौस असते, आणि त्यासाठी सुनेकडे पैसे मागावे लागतात हे त्यांना जिवावर येतं. तुम्ही पाकिटात पाचशे दिलेत तर ती ते जाताना तुमच्याच पर्समध्ये घालेल. बंडल मात्र ठेवून घेते, कारण ते वाटायचं असतं.

हिशेब केलात तर चप्पल, रुमाल, पत्ते, दोर आणि फळी, गाडी, बादली, माठ, दहाचं बंडल एवढं पाच हजारांत बसायला हरकत नाही. कूलरच्या पाइपचं आणि संडासातल्या दांड्याचं मामेभावाशी आधी बोलून घ्या, निम्मे पैसे तुमचे म्हणा, कारण त्याच्या घरात परस्पर मिस्त्री बोलावलेला त्याला आवडणार नाही. लुगडं बसलं तर बसलं. आणि वहिनीसाठी काय घ्यायचं ते तिलाच फोन करून विचारा, मामीला विचारू नका. मामी ‘तिला काही नको’ म्हणेल.