पुरस्कार ‘विभागून’ मिळतो तेव्हा विभागले काय जाते?

जुन्या चित्रपटांवरील प्रश्नमंजूषेसाठी मजकूर तयार करणाऱ्या एका वाचकाने अशी शंका विचारली आहे : ‘कॅथरिन हेपबर्न आणि बार्बरा स्ट्रायसँड यांना १९६८ सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर पुरस्कार विभागून मिळाला’ असे वाक्य सर्रास वाचायला मिळते, परंतु दोघींनाही एकेक अखंड बाहुली मिळाली असेल, तर विभागले काय गेले?

शंका रास्त आहे. व्याकरणाच्या अंगाने मात्र या वाक्यात खोट काढता येणार नाही. ‘विभागून’ हे ‘विभागणे’ या क्रियापदाचे ऊन-प्रत्यय लागलेले कृदंत आहे. अशा कृदंताचा आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असावा, असे आपण शिकलेलो असतो आणि ‘परीक्षकांनी पुरस्कार विभागून दिला’ या वाक्यात तो एकच आहे. ‘मिळाला’ म्हटले की विभागणारे वेगळे आणि घेणाऱ्या वेगळ्या होतात. पण ‘कपडे शिवून मिळतील’ या पाटीवरही शिवणारा एक आणि मिळणार दुसऱ्याला अशीच स्थिती असते, आणि तिथे कोणी अडखळत नाही. तेव्हा अडचण रूपाची नसून अर्थाची आहे.

पुरस्कारांच्या भाषेत हा शब्द रोख रकमेच्या वाटेने रुळला असावा, असे मला वाटते. स्पर्धेच्या निकालपत्रकात ‘द्वितीय पारितोषिक’ या ओळीपुढे दोन नावे येतात आणि शेवटी कंसात ‘विभागून’ एवढा एकच शब्द असतो. तो वाचताच दोन्ही विजेत्यांना आपापला हिशेब कळतो. नोबेल पुरस्काराच्या बाबतीतही तो चपखल बसतो. १९०३ सालच्या भौतिकशास्त्राच्या पुरस्काराचा निम्मा भाग आंरी बेकरेल यांना आणि उरलेला निम्मा पिएर व मारी क्युरी यांना संयुक्तपणे देण्यात आला. येथे बेकरेल आणि क्युरी दांपत्य यांच्यामध्ये ‘विभागून’, तर पती-पत्नींमध्ये ‘संयुक्तपणे’, असे दोन्ही शब्द एकाच पुरस्काराच्या पोटात आपापल्या जागी उभे राहतात.

ऑस्करला रोख रक्कमच नसते. १४ एप्रिल १९६९ रोजी झालेल्या समारंभात इन्ग्रिड बर्गमन यांनी पाकीट फोडले आणि आतील मजकूर वाचून, दोघींना सारखीच मते पडल्याचे जाहीर केले. ‘द लायन इन विंटर’साठी हेपबर्न आणि ‘फनी गर्ल’ या आपल्या पहिल्याच चित्रपटासाठी स्ट्रायसँड, अशा दोन विजेत्या ठरल्या. हेपबर्न समारंभाला आल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांची बाहुली दिग्दर्शक अँथनी हार्वी यांनी स्वीकारली, तर स्ट्रायसँड यांनी आपली स्वतः घेतली. अभिनयासाठी चार ऑस्कर मिळवणाऱ्या म्हणून हेपबर्न यांचे नाव घेतले जाते, तेव्हा त्या चारांमध्ये हा पुरस्कार पूर्ण एक म्हणूनच धरलेला असतो. त्यांना साडेतीन ऑस्कर मिळाले, असे कोणीही म्हणत नाही.

‘बरोबरी’ किंवा ‘समान मते’ हे शब्द येथे योग्य असले, तरी ते प्रत्येक जोडीला लावता येणार नाहीत. नोव्हेंबर १९३२मध्ये ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’साठी फ्रेडरिक मार्च आणि ‘द चॅम्प’साठी वॉलेस बीरी या दोघांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तेथे मते समान नव्हती; मार्च यांना एक मत अधिक होते. मात्र पहिल्या क्रमांकापासून तीन मतांच्या आत असणाऱ्यालाही विजेता मानावे, असा त्या वेळी नियम होता. म्हणजे १९६८ची बरोबरी मतांची आणि १९३२ची नियमाने मानलेली. ‘विभागून’ या एका शब्दाखाली हा फरक बुजून जातो, आणि प्रश्नमंजूषेत नेमका तोच विचारण्याजोगा असतो.

गंमत अशी की, जिथे खरोखर काही विभागले गेले, तिथे पुरस्कार हुकला. १९३५ सालच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या चार नामांकनांपैकी तीन ‘म्यूटिनी ऑन द बाउंटी’ या एकाच चित्रपटातील होती : क्लार्क गेबल, चार्ल्स लॉटन आणि फ्रँचॉट टोन. पुरस्कार गेला चौथ्याकडे, म्हणजे ‘द इन्फॉर्मर’मधील व्हिक्टर मॅक्लॅग्लन यांच्याकडे. मतविभागणीचा फटका तिघांनाही बसला, असे मानले जाते. पुढच्याच वर्षापासून सहायक अभिनेता आणि सहायक अभिनेत्री हे विभाग सुरू झाले.

एकच पुरस्कार अनेकींना एकत्रितपणे दिलेला असेल, तर मी ‘मिळून’ हा शब्द निवडतो. इंगमार बर्गमन यांच्या (इन्ग्रिड यांच्याशी त्यांचे नाते नाही) ‘ब्रिंक ऑफ लाइफ’ या चित्रपटातील चार अभिनेत्रींना १९५८ साली कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार ‘चौघींना मिळून’ देण्यात आला. हाच शब्द उलट्या बाजूनेही चालतो : १९२९च्या पहिल्या ऑस्कर समारंभात जेनेट गेनर यांना मिळालेला पुरस्कार तीन चित्रपटांतील भूमिकांसाठी मिळून होता.

प्रश्नातील वाक्याला मी चूक म्हणणार नाही. वापराने ‘विभागून’चा अर्थ ‘एकाहून अधिक जणांना’ इतका सैल झालेला आहेच. तरी स्वतः लिहिताना मी ‘समान मते पडल्यामुळे हेपबर्न आणि स्ट्रायसँड या दोघींनाही १९६८चा ऑस्कर पुरस्कार मिळाला’ असे लिहीन, आणि १९३२ साठी ‘मार्च यांच्यासह बीरी यांनाही’ अशी रचना करीन. तक्त्यात जागा अपुरी असेल, तर नावांपुढे कंसात ‘विभागून’ऐवजी ‘दोघींना’ लिहावे; तेवढ्याच जागेत ते मावते.