चिठ्ठी खिशातच राहते तेव्हा

"डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या लिहून दिल्यात पण हे घेतच नाहीत, काय करू?" असं बायका फार विचारतात, आणि सूर असा की नवरा मुद्दामच करतोय. तर एक केस सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत.

पुण्यात धायरीचे एक गृहस्थ, भोसरीला लेथवर कामाला. चिठ्ठी महिनाभर शर्टाच्या खिशातून गाडीच्या डिकीत आणि डिकीतून परत खिशात, घड्यांवर फाटायला आलेली. बायको म्हणे आळशीपणा. मी त्यांना एकट्यांना बसवलं आणि 'का घेतली नाही' हे विचारलंच नाही (का म्हटलं की माणूस सबबी शोधायला लागतो), म्हटलं मेडिकलपर्यंत गेलात तेव्हा काय झालं तेवढं सांगा. तर म्हणाले, "मॅडम, मेडिकलवाला आमच्याच गणपती मंडळातला आहे हो, संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळेल." आता यात आळस कुठे आला? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात आहे की प्रगत देशांतसुद्धा जुनाट आजारांचे निम्मेच पेशंट औषध नीट घेतात, ते काय सगळे आळशी?

मग गल्लीपासून लांब, स्वारगेटला गोळ्या घेतल्या, पण पुढच्या वेळी बघते तर स्ट्रिपमधल्या चारच गेलेल्या. मळमळ, तोंडाला कोरड, शिवाय मशीनवर पेंग आली तर बोटं जातील ही धास्ती, आणि एवढं सोसून मन होतं तसंच. या गोळ्यांचा त्रास आधी होतो आणि गुण मागाहून येतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्रास बहुतेकांचा आठ-पंधरा दिवसांत ओसरतो पण फरक पडायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात. 'सवय लागेल' ही भीती होतीच. त्यांची गोळी एसएसआरआय प्रकारातली (डिप्रेशनवर नेहमी देतात त्या गोळ्यांचा एक प्रकार), तिची तलफ लागत नाही, पण एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड होऊ शकते आणि लोक त्यालाच सवय म्हणतात, म्हणून ती डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायची.

त्यांना विचारूनच मी डॉक्टरांशी बोलले, सकाळची गोळी रात्री जेवणानंतर झाली. बायकोला सांगितलं, रोज स्ट्रिप मोजणं बंद.

महिन्याभराने झोप लागायला लागली म्हणाले. रविवारी गोळी अजून चुकते, पण आता स्वतःहून सांगतात. नवीन कटकट म्हणजे "बरं वाटतंय, आता बंद करू का?" बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवायला सांगतात, त्यावर सध्या आमची वादावादी चाललीये.