संत्र्याचे एनर्जी बाइट्स पहिल्यांदा करताना

पहिल्यांदाच करताय ना, मग चिया, प्रोटीन पावडर वगैरे सध्या बाजूला ठेवा. १ कप बिया काढलेला मऊ खजूर, १ कप बदाम, अर्धा कप ओट्स आणि २ संत्र्यांची किसलेली साल, बास. हे सगळं मिक्सरमधून काढून छोटे गोळे वळायचे, तेच एनर्जी बाइट्स.

खरा स्वाद सालीत असतो, रसात नाही. सुगंधी तेल त्या वरच्या केशरी थरातच असतं. म्हणून फळ धुऊन, कोरडं पुसून बारीक किसणीवर अलगद किसा. पांढरा भाग दिसला की थांबा, तो कडू लागतो. गोळे कडू झाले तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

बाकी चुका ठरलेल्या:

- रस जास्त घालणं. गोळे पसरतात. चमचाभर पुरे, तोही मिश्रण कोरडं वाटलं तरच.
- कडक खजूर तसाच वापरणं. १० मिनिटं गरम पाण्यात भिजवा आणि नीट निथळा.
- मिक्सर सलग फिरवणं. बदामाला तेल सुटतं.

मुठीत दाबल्यावर गोळा टिकला की जमलं. हाताला चिकटतंय? अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग वळा. हे जमलं की पुढच्या वेळी लिंबाची साल नक्की घालून बघा, मला तीच जास्त आवडते.