गाणारा, लिहिणारा आणि सहीची रिकामी जागा

प्रश्न: ताई, ब्राझीलच्या एका गायकाला साहित्याचं मोठं बक्षीस मिळालं पण राष्ट्राध्यक्षांनी सर्टिफिकेटवर सहीच केली नाही, असं कुठंतरी ऐकलं. कोण हा माणूस? आणि खरं सांगा, गायकाची कादंबरी नुसती नावावर खपते ना?

उत्तर: अहो, ते शिको बुआर्के. (स्पेलिंग बघून मी पण बरीच वर्षं चिकोच म्हणायचे.) १९४४ चा जन्म, वडील नावाजलेले इतिहासकार, त्यामुळे घरात पुस्तकंच पुस्तकं. साओ पाउलोला आर्किटेक्चरला गेले आणि ते अर्धवट सोडलं, कारण १९६६ मध्ये 'आ बांदा' हे गाणं एका फेस्टिवलमध्ये पहिलं आलं (बक्षीस दुसऱ्या एका गाण्याबरोबर वाटून, पण ते असो) आणि हा पोरगा बाविसाव्या वर्षी स्टार झाला.

पण तेव्हा देशात लष्कराचं राज्य, १९६४ ते १९८५. प्रत्येक गाणं आधी सेन्सॉरकडे जाणार. १९७० मध्ये यांनी 'अपेझार जी व्होसे' म्हणजे 'तू असूनसुद्धा' असं एक गाणं केलं, सेन्सॉरला वाटलं प्रेमातलं भांडण आहे, पास केलं, लोक गायला लागले आणि मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की यातला 'तू' म्हणजे साक्षात हुकूमशहा! लगेच बंदी, रेकॉर्ड जप्त. त्यानंतर शिको बुआर्के हे नाव दिसलं की गाणं अडकायचंच. मग यांनी काय करावं? ज्युलिन्यो दा आदेलाइद नावाचा एक गीतकारच जन्माला घातला! त्याच्या नावानं गाणी पाठवली की बिनबोभाट पास. १९७४ मध्ये यांनी फक्त दुसऱ्यांची गाणी म्हटलेला एक अल्बम काढला, त्यात या ज्युलिन्योचंही एक होतं, म्हणजे स्वतःचंच. आणि त्या ज्युलिन्योनं पेपरला मुलाखत पण दिली बरं का! पुढच्या वर्षी बिंग फुटलं, तेव्हापासून सेन्सॉर गीतकारांकडे ओळखपत्राची कॉपी मागायला लागलं. मला तर हा किस्सा कुठल्याही कादंबरीपेक्षा भारी वाटतो.

आता सहीचं. पोर्तुगीज भाषेतलं सगळ्यात मोठं साहित्यिक बक्षीस म्हणजे कामोंइश, पोर्तुगाल आणि ब्राझील मिळून देतात. २०१९ ला ते शिकोंना जाहीर झालं, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी सही करायला नकार दिला, तर शिको म्हणाले, ही न झालेली सही म्हणजे माझं दुसरं कामोंइश. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये पोर्तुगालला, लूला राष्ट्राध्यक्ष म्हणून सत्तेत परत आल्यावर बक्षीस हातात पडलं, आणि तिथल्या भाषणात ही जागा लूलांसाठी कोरी ठेवल्याबद्दल बोल्सोनारोंना टोमणा मारायला विसरले नाहीत.

नावावर खपते का? खपायला मदत होते, खोटं कशाला बोलू. २०१० मध्ये जाबुती या तिथल्या बक्षिसात त्यांची कादंबरी आपल्या गटात दुसरी आली आणि तरी वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक तीच ठरली, मग केवढा गदारोळ, बक्षीस परत करा म्हणून सह्यांची मोहीम निघाली. मला तो राग चुकीचा वाटत नाही. पण राग नियमांवर होता, पुस्तक वाईट नव्हतं.

प्रश्न: मग सुरुवात कुठून करू?

उत्तर: 'बुडापेस्ट' पासून, २००३ ची, इंग्रजीत मिळते, छोटीशी आहे. रिओमधला एक माणूस दुसऱ्यांच्या नावानं पुस्तकं लिहून पोट भरतो, हंगेरियन भाषेच्या नादी लागतो, आणि शेवटी त्यानं न लिहिलेलं पुस्तक त्याच्याच नावावर येतं. ज्युलिन्यो आठवला ना? मला तरी वाचताना सारखा आठवत होता. १९९१ ची पहिली मोठी कादंबरी 'एश्तोर्व्हो' जरा धूसर आहे, ती नंतर घ्या.

आणि जमलं तर २०१४ ची 'जर्मन भाऊ' वाचा. वडिलांना लग्नाआधी बर्लिनमध्ये एक मुलगा झाला होता, हे शिकोंना विशीत कळलं, तेही घरच्यांकडून नाही तर वडिलांच्या एका कवी मित्राच्या तोंडून निसटलं म्हणून. त्या भावाची शोधाशोध म्हणजे ती कादंबरी. खरा भाऊ पूर्व जर्मनीत होता, १९८१ मध्येच गेला, दोघांची भेट झालीच नाही. आणि तो काय करायचा माहितीये? तोही गायचा.