नागपुरात आम्ही महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ केलं, पण दागिन्यांच्या प्रसंगात लोक हसले. इथल्या प्रेक्षकांना अभिजात नाटक कळत नाही का?

कळतं. चांगलं कळतं. ‘इथल्या प्रेक्षकांना’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. हेच वाक्य मी मेकअप रूममध्ये ऐकलंय, अंगावर वहिनीचे दागिने तसेच असताना. तो वाद अजून मिटलेला नाही.

मीही हौशीच. नोकरी आणि घर सांभाळून रात्री तालमी करणारी. आमच्या ग्रुपने सायंटिफिक सभागृहात ‘वाडा’ केलं तेव्हा मी वहिनी होते. नाटक तुम्हीच बसवलंय, त्यामुळे विदर्भातल्या मोडकळीला आलेल्या वाड्याची आणि त्यातल्या जमीनदार कुटुंबाची कथा सांगत बसत नाही. रात्रीच्या वेळी थोरला मुलगा भास्कर घरच्या दागिन्यांचा डबा काढतो आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी, एकेक दागिना अंगावर चढवते, तोच प्रसंग. बाकीचे दागिने इतवारीतून आणलेले, एक ग्रॅमवाले. हातातले गोठ मात्र माझ्या सासूबाईंच्या पेटीतले, जुन्या घडणीचे, माझ्या हाताला घट्ट. तालमीत मी साबण लावून चढवायचे. रंगमंचावर साबण कुठून आणणार? अंगठा तळव्यात दुमडून, दात आवळून गोठ रेटत होते आणि मागच्या रांगांतून एक बाई मोठ्याने बोलली, ‘अवं, तेल लाव ना हाताले!’

सगळं सभागृह हसलं. समोर भास्कर झालेला आमचा मित्र गडबडला, पण मी थांबले नाही. गोठ हाडावरून सरकला, मग दुसरा, मग वरचं सगळं. पूर्ण अंग भरल्यावर वहिनी नुसती उभी राहते ना, तोवर ते हसू कुठल्या कुठे गेलं होतं. मघा जी माणसं हसली, तीच आता श्वास धरून बघत होती. हे मला रंगमंचावरून कळत होतं, ज्यानं काम केलंय त्याला हे कळतंच.

प्रयोगानंतर साठीच्या एक काकू आत आल्या. यवतमाळकडच्या. नाटकाबद्दल, माझ्या कामाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. माझा हात धरला, गोठ फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, ‘आमच्या सासूबाईंचे हातातून निघत नव्हते. वाटणीच्या वेळी सोनाराकडून कापून काढले.’ इतकं बोलून गेल्या.

त्याच वेळी बाजूला आमचे दिग्दर्शक तावातावाने सांगत होते की पुण्यात हे झालं नसतं, इथल्या लोकांना अभिजात नाटक कळत नाही, ‘ही काय झाडीपट्टी आहे मधेच बोलायला?’

माझं माहेर वडशाचं. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटक कंपन्यांचं गाव. दिवाळी झाली, धान घरात आलं की गावोगाव शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. दहाच्या सुमारास पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. कडाक्याच्या थंडीत, तिकीट काढून, लेकरं मांडीवर घेऊन माणसं बसतात. हसतात, रडतात, खलनायकाला शिव्या घालतात, नायिकेला बसल्या जागेवरून सल्ले देतात. रात्रभर नाटकात जीव गुंतवून बसणाऱ्या माणसाला नाटक कळत नाही, हे कोणी कितीही मोठ्या आवाजात सांगितलं तरी मी ऐकून घेणार नाही. तेव्हाही घेतलं नाही.

पण दिग्दर्शक ते. पुढच्या प्रयोगाला त्यांनी सैल गोठ आणवले, प्रकाश आणखी खाली घेतला, प्रसंगाखाली सारंगी टाकली आणि पडदा उघडण्याआधी माइकवरून निवेदन केलं की हे गंभीर नाटक आहे, रसिकांनी तसं पाहावं. कोणी हसलं नाही. ते खूश, ‘बघा, समजलं ना लोकांना!’ मला रंगमंचावरून काय दिसत होतं सांगू? अंधारात इथे तिथे पेटणारे मोबाइल. खुर्च्यांची करकर आणि खोकले. त्या दिवशी आत कोणी आलं नाही. ती शांतता मला आजही यश वाटत नाही. लोक शिस्तीत बसले होते, बस.

हसणारे कोण होते, याचा विचार तुमच्या ग्रुपने केलाय का? धरमपेठ, लक्ष्मीनगर, महाल इथल्या कितीतरी घरांचं मूळ वर्धा, यवतमाळ, अकोल्याकडच्या एखाद्या वाड्यात आहे. १९५८च्या कूळकायद्यानंतर जमिनी गेल्या, उरलेल्यांचे हिस्से झाले, वाड्याच्या भिंती पडल्या. नाटकातला अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, शिक्षण अडवलेली प्रभा, घरात राबणारा चंदू हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. एलकुंचवार स्वतः यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, नागपुरात इंग्रजी शिकवण्यात त्यांची वर्षं गेली. विजया मेहतांनी १९८५ साली हे नाटक मुंबईत केलं. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी पुढच्या दोन भागांसकट तिन्ही नाटकं सलग केली, तेही मुंबईचं काम, आणि आमचे दिग्दर्शक त्याचेच दाखले द्यायचे. अहो, पण नाटकातलं धरणगाव आपलं आहे ना! आपल्या घरातलं भांडण रंगमंचावर आलं तर माणूस आधी हसतोच. ओळख पटल्याचं हसू असतं ते.

भाषेचंही तसंच. सिनेमा-मालिकांनी वऱ्हाडी बोलणारा माणूस म्हणजे विनोदी गडी असं करून ठेवलंय, याचा मला मनापासून राग आहे. त्यामुळे आपली बोली गंभीर नाटकात ऐकली की सुरुवातीला लोक हसतात. हसू द्या, थोड्या वेळात कान बसतो. नट मात्र हेल काढून, टाळी घेण्यासाठी बोलून राहिला असेल तर त्याला तालमीतच थांबवा. तिथे प्रेक्षकाचा दोष नाही.

तुम्ही विचारलंय की पुन्हा करावं की सरळ एखादं विनोदी घ्यावं. विनोदी जरूर करा, पण याला घाबरून नको. ‘वाडा’च पुन्हा करा. निवेदन काढा, सारंगी असेल तर तीही काढा. हशा आला तर नटांनी घाई करायची नाही आणि वाक्य हशात बुडू द्यायचं नाही. हातातलं काम चालू ठेवायचं, आवाज ओसरला की पुढे बोलायचं. हशा अंगावर घेऊनही प्रसंग धरता येतो, त्याची तालीम करावी लागते. दोन-चार मित्रांना मुद्दाम हसायला समोर बसवा आणि प्रसंग पार करा. आम्हाला हे करू दिलं नाही, तुम्ही करा.

आता, तुमचा प्रयोग मी पाहिलेला नाही. तुमच्याकडचं हसू वेगळंही असू शकतं. दागिने खोटे दिसले, डबा उघडलाच नाही किंवा भास्करच्या मुलीच्या, रंजूच्या प्रवेशाला मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या असतील, तर मी वर लिहिलेलं तिथे लागू नाही. शिट्ट्या मारणाऱ्यांना बाहेर काढायला दारावर माणूस ठेवा, त्यात संकोच नको. आणि स्पर्धेचा प्रयोग असेल तर हशाचा वेळ धरूनच नाटक बांधा, नाहीतर शेवटचा प्रवेश घाईत उरकावा लागतो.