पिनांगच्या धक्क्यावर उतरल्यावर

प्रश्न : ताई, आमच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून मुलाने सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं काढून दिली आहेत. वाटेत जहाज मलेशियातल्या पिनांगला सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबणार आहे. बरोबरची मंडळी म्हणतात, बसची सहल घ्या, टेकडी, बौद्ध मंदिर, खरेदी, सगळं एका दिवसात उरकतं. हिचे गुडघे दुखतात आणि मला घाईने काही बघायला आवडत नाही. पण एवढ्या लांब जाऊन नुसतं गावात फिरलो तर पैसे वाया गेल्यासारखं होईल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, बस घेऊ नका. मी त्या बसमध्ये बसून आले आहे, म्हणून सांगते. पहिल्यांदा गटाबरोबर गेलो तेव्हा टेकडीवर जाणाऱ्या गाडीच्या रांगेत सव्वा तास गेला, चॉकलेटच्या दुकानात पाऊण तास गेला आणि बौद्ध मंदिर खिडकीतून बघितलं. रात्री जहाजावर जेवताना आमचे हे म्हणाले, "आपण पिनांगला गेलो होतो असं म्हणायचं का?" मला फार वाईट वाटलं. दोन वर्षांनी भाचीकडे सिंगापूरला गेलो, तेव्हा पुन्हा तशीच क्रूझ घेतली आणि दिवसभर फक्त जॉर्ज टाउनच्या, म्हणजे पिनांगच्या मुख्य शहराच्या, जुन्या गल्ल्यांमध्ये राहिलो. त्या दिवसाचा विषय निघाला की आजही आम्ही दोघं तासभर बोलतो. पैशाचं म्हणाल तर बसचे पैसे तिकिटाच्या वर वेगळे पडतात. तेच वाचतील.

पिनांगची सोय अशी, की जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि फाटकाबाहेर पडलं की जुनं गाव सुरूच होतं. जवळच घड्याळाचा मनोरा आहे. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून तिथल्या एका चिनी धनिकाने तो बांधून दिला, वर्षाला एक फूट या हिशेबाने ६० फूट. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत तो थोडा कलला. कुठल्या बाजूला, ते दोघांनी मिळून ओळखा. परतताना हीच तुमची खूण.

शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस. भुईकोट किल्ल्याच्या गावातल्या माणसाला त्याचे तट बुटके वाटतील. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट इथे उतरला. जंगल तोडायला माणसं हलेनात म्हणून त्याने तोफेत चांदीची नाणी भरून झाडीत उडवली, अशी गोष्ट तिथे सांगतात. बाहेरून बघितलात तरी चालेल, कारण सकाळची वेळ देवळासाठी राखून ठेवायची आहे.

क्वीन स्ट्रीटवरचं महामरिअम्मन मंदिर १८३३ सालचं, पिनांगमधलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ. दुपारी ते बंद असतं, म्हणून साडेनऊ-दहापर्यंत पोचा. आम्ही गेलो तेव्हा बाहेर एक बाई स्टुलावर बसून हार करत होती. डाव्या हाताच्या दोन बोटांत दोरा ताणलेला, उजव्या हाताने दोन कळ्या इकडे, दोन कळ्या तिकडे, वेढा, ओढ, पुढच्या कळ्या. हाताकडे बघतसुद्धा नव्हती. माझे वडील मागावर तुटलेला धागा सांधायचे, तेव्हा त्यांची बोटं अशीच चालायची. तोंडाने दुसऱ्याशी बोलणं सुरू आणि गाठ कधी बसली ते कळायचं नाही. मी तिथे वीस मिनिटं उभी राहिले. तिला तमिळ येत होतं, मला घरचं तेलुगू. चार शब्द जुळले. तिने हाताचं माप घेऊन मला एक हात गजरा दिला आणि मी पैसे दिले तर अर्धेच घेतले. टेकडीवर काय बघितलं हे मला आता आठवत नाही, पण त्या मोगऱ्याचा वास आठवतो.

तिथून जवळच जी मोठी गल्ली आहे, पूर्वीची पिट स्ट्रीट, तिच्या टोकाजवळ १८१८चं सेंट जॉर्ज चर्च आणि पुढे तिच्यावरच करुणादेवीचं चिनी देऊळ आणि भारतातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी १८०१ साली उभी केलेली कपितान केलिंग मशीद आहे. सावकाश चाललात तरी पंधरा-वीस मिनिटांत सगळं होतं. चिनी देवळापुढे हाताच्या मनगटाएवढ्या जाड उदबत्त्या जळत असतात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू ऐकत वाढलेल्या सोलापूरच्या माणसाला या रस्त्यावर परकं वाटत नाही.

आता उन्हाचं बोलू. ४३ अंशांत आपण चादरीच्या गाठोड्यासकट फिरलोय, तिथल्या ३२ला काय घाबरायचं, असं मलाही वाटलं होतं. पण ती हवा समुद्राची. घाम वाळतच नाही आणि तासाभरात माणूस गळून जातो. आपलाच एक सोलापुरी नॅपकिन ओला करून मानेवर टाका. आणि रस्त्याने चालूच नका. तिथल्या प्रत्येक जुन्या दुकानापुढे छप्पर असलेली पाच फुटी ओसरी असते, एकीतून दुसरीत जाता येतं. मात्र मधेमधे पायऱ्या आणि उंचसखल फरशा आहेत, तिथे वहिनींचा हात धरा. दुपारी पाऊस आला तर त्याच ओसरीत थांबा. तो पाऊस बघण्यासारखा असतो.

जेवण लिटल इंडिया नावाच्या तिथल्या भारतीय वस्तीत, केळीच्या पानावर. शाकाहारी खाणावळी आहेत. जहाजावर जेवण फुकट आहे म्हणून परत पळू नका. आणि जायफळाचं सरबत प्यायल्याशिवाय येऊ नका! आपल्याला जायफळ माहीत आहे ते पुरणात किसायचं, म्हणजे त्या फळाच्या आतलं बी. पिनांगला वरच्या गराचं सरबत करतात. आंबट, थोडं तुरट, आणि घोट गिळल्यावर मागून पुरणपोळीचा वास येतो. आमचे हे तिथे दोन ग्लास प्यायले.

भिंतीवरची सायकलवरच्या मुलांची चित्रं वगैरे आर्मेनियन स्ट्रीटला आहेत. फोटोला रांग असते, जमलं तर बघा.

दुपारी तीनचाकी सायकलरिक्षा करून च्यू जेटीला जा. भाडं बसायच्या आधी ठरवा. तिथे प्रवासी पुढे बसतो आणि चालवणारा मागे, त्यामुळे पूर्ण रस्ता तुमच्यासमोर मोकळा असतो. च्यू जेटी म्हणजे समुद्रात खांब रोवून त्यावर बांधलेली लाकडी घरं, सगळी एकाच च्यू आडनावाची, चीनहून आलेल्या लोकांची. फळ्यांच्या फटीतून खाली पाणी दिसतं. लोक अजून तिथे राहतात, म्हणून घरात डोकावू नका, उघड्या दाराचे फोटो काढू नका. शेवटच्या टोकापर्यंत जा आणि बसा. आम्हाला एका आजीबाईंनी दुकानातलं प्लास्टिकचं स्टूल न मागता पुढे सरकवलं. हे खाली फळीवरच पाय सोडून बसले. चाळीस मिनिटं आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही, आणि नोकरी, मुलं, आजारपणं यांच्या एवढ्या वर्षांत असं निवांत बसल्याचं मला दुसरं आठवत नाही. तुमच्या ४०व्या वर्षाला मुलाने दिलेलं तिकीट याच्यासाठी वापरा, दादा.

प्रश्न : क्रूझला गेल्यावर बंदरात आपण आपलं फिरलो आणि उशीर झाला, तर जहाज थांबतं का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : नाही. जहाजाने स्वतः काढलेल्या सहलीची बस अडकली तर सहसा थांबतात. आपलं आपण गेलेल्यांसाठी थांबत नाहीत, पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. जहाज ५ला सुटणार असेल तर चढायची शेवटची वेळ त्याच्या अर्धा ते एक तास आधी असते, आणि तीच खरी वेळ. रोज खोलीत कार्यक्रमाचा कागद येतो. त्यावर ती वेळ आणि बंदरातल्या एजंटचा फोन छापलेला असतो. तो कागद घडी करून जहाजाच्या कार्डाबरोबर खिशात ठेवा. घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा; भारताच्या वेळेत मोबाइल राहिला तर अडीच तासांची चूक होते. आम्ही साडेतीनला घड्याळाच्या मनोऱ्यापाशी आलो होतो, कडेला बसून शहाळं प्यायलो आणि मग चढलो.