विठ्ठले, विठाबाई, माउली: देव बाई की बाप्या?

प्रश्न तीन आहेत. आरतीत "येई वो विठ्ठले" का, देव पुरुष आहे तर "विठ्ठला" नको का? जनाबाईच्या "ये गे माझे विठाबाई" मधलं "माझे" नपुंसकलिंगी कसं? आणि वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात तर "माउली आली" म्हणायचं की "माउली आले"?

"विठ्ठले" ही छपाईतली चूक नाही, कृपा करून कोणी सुधारू नका. सीता-सीते, राधा-राधे तसं विठ्ठला-विठ्ठले, म्हणजे आधी विठ्ठलाची बाई केली आणि मग तिला हाक मारली. "वो" पण त्याच जातीतलं, जुन्या मराठीत बाईला हाक मारताना लावायचे, ज्ञानेश्वरांचं "सुख जाले वो साजणी" आठवा, तिथे समोर मैत्रीण आहे. आता आपण सर्रास "येई हो" म्हणतो आणि "हो" कोणालाही चालतो त्यामुळे ती खूण पुसली गेलीये, पण "विठ्ठले" शिल्लक राहिलं म्हणून कान अडखळतो. आणि गंमत बघा, त्याच आरतीत पुढे "माझा कैवारी आला" येतं, तिथे तो गरुडावर बसून आलेला पुरुष आहे. दोन कडव्यांत लिंग बदललं तरी म्हणणाऱ्याला काही खटकत नाही.

"माझे" नपुंसकलिंगी नाहीच. जुन्या मराठीत स्त्रीलिंगी शब्दाच्या सामान्यरूपाआधी (म्हणजे प्रत्यय लागताना किंवा हाक मारताना शब्दाचं जे रूप होतं त्याआधी) चे, माझे, तुझे असं यायचं, "पंढरीचे वाटे" मधे वाट स्त्रीलिंगी आणि तरी "चे", तसंच "पंढरीचे आई", "माझे विठाबाई". आजही घरात कोणी फार कटकट केली की "अगं माझे आई, ऐक की जरा" म्हणतात ना, ते हेच.

आता जनाबाईबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण मला वाटतं प्रश्नाचं खरं उत्तर तिच्याकडेच आहे. देवाला आई म्हणणं काही तिने सुरू केलं नाही, तिच्याच काळात ज्ञानेश्वरांच्या "रंगा येई वो ये" मधे विठाई, कृष्णाई, कान्हाई सगळं आहे, वर वैकुंठवासिनी आणि जगत्रजननी पण आहे. फार सुंदर रचना आहे, पण ती आई मोठी आहे, सगळ्या जगाची आहे. जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडची, लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी आली आणि जन्मभर तिथे दळण, कांडण, शेणगोठा करत राहिली, स्वतःला नामयाची दासी म्हणत राहिली. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. "आई मेली बाप मेला, मज सांभाळी विठ्ठला" असं ती सरळ सांगते. तिला जगाच्या आईची गरज नव्हती, तिला डोकं विंचरून देणारी आई हवी होती.

आणि तो अभंग बघाच. डोकं खाजतंय, मला कोणी नाही म्हणून ती हरीकडे तक्रार करते. विठ्ठल रुक्मिणीला म्हणतो माझ्या जनीला कोणी नाही, आणि स्वतः तेलफणी घेऊन बसतो, केस विंचरतो, वेणी घालतो, गाठ मारतो. वेणी झाल्यावर जनी म्हणते "चोळ बा पाठ". इथे "बा" आहे! म्हणजे काम अगदी आईचं चाललंय, वेणीफणी, आणि हाक मात्र बापाची. आता "ये गे माझे विठाबाई" घ्या, पहिल्या ओळीत "गे", म्हणजे बाईला हाक, आणि दोन ओळी खाली "इतुक्यासहित त्वां बा यावें, माझे रंगणीं नाचावें", परत "बा". चार ओळींच्या अभंगात एकाच देवाला गे पण आणि बा पण. मला नाही वाटत हे छंदासाठी ओढूनताणून केलंय, कारण इतर ठिकाणी ती चिडून "अरे विठ्या" म्हणते आणि चक्क शिव्या देते, तिथे "अगे विठे" नाही केलेलं. तिला ज्या वेळी जे नातं पाहिजे त्या वेळी ती तशी हाक मारते, व्याकरण तिच्या मागून येतं.

"रंगणीं नाचावें" कडे पण लक्ष द्या. रंगण म्हणजे खेळायची, नाचायची जागा, अंगण म्हणा, कीर्तनाचा रंग जिथे भरतो ती जागा म्हणा. "माझे" रंगण म्हणते ती. दुसऱ्याच्या घरात राबणारी बाई स्वतःची गाण्याची जागा आहे असं धरून चालते आणि देवाला तिथे नाचायला बोलावते, भीमा-चंद्रभागेसकट. "डोईचा पदर आला खांद्यावरी" या तिच्या दुसऱ्या अभंगात तर ती टाळ-वीणा घेऊन भरल्या बाजारात निघते आणि विचारते आता मला कोण अडवतो. जात्यापासून बाजारापर्यंतचा हा प्रवास कलावंत म्हणून पण आहे आणि भक्त म्हणून पण, मला तरी ते दोन वेगळे काढता येत नाहीत.

अजून एक सांगायलाच हवं. ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो, पण जनाबाई त्यांना सखा म्हणते आणि पुढे म्हणते "मरोनियां जावें, बा माझ्याच पोटा यावें". म्हणजे तू मर आणि माझ्या पोटी जन्म घे! ज्याला सगळे आई म्हणतात त्याची आई व्हायचंय हिला. ही ओळ पहिल्यांदा वाचली की माणूस गप्प होतो. आईपण फक्त देवाकडून मागायची गोष्ट आहे असं तिने ठेवलंच नाही, ते तिच्याकडे पण आहे आणि ती ते द्यायला निघालीये.

तर तिसरा प्रश्न. मातृ वरून प्राकृतात माउ, त्याला लाडाचा "ली" लागून माउली, शब्द पक्का स्त्रीलिंगी. "व्यक्ती" पण स्त्रीलिंगी, पण पुरुषाबद्दल बोलताना सुद्धा "ती व्यक्ती आली" असंच म्हणतो. माउलीचं तसं होत नाही, ती माणसाप्रमाणे बदलते. ज्ञानेश्वरांबद्दल बोलताना "माउली म्हणाले", "माउली समाधिस्थ झाले" असंच कीर्तनकार बोलतात आणि ते बरोबर आहे, अनेकवचन आदराचं. आई या अर्थाने असेल तर "ती माउली आली", शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्या बाईबद्दल लिहिताना असंच लिहितात. वारीत हाक मारताना प्रश्नच येत नाही, "माउली, जरा पुढे सरका" पुरुषाला पण चालतं, बाईला पण, पोलिसाला पण. तळकोकणात मात्र वेगळं आहे, सोनुर्लीची, रेडीची माउली ही देवीच आहे, तिथे "माउली पावली" म्हणायचं, "पावले" म्हटलंत तर गावकरी लगेच दुरुस्त करतील.

लिहिताना "माउली", उ ऱ्हस्व, मराठी शब्दात शेवटचा स्वर दीर्घ असला की आधीचा इकार-उकार ऱ्हस्व या नियमाने. पाट्यांवर "माऊली" सगळीकडे दिसतं, पण प्रमाण लेखनात ऱ्हस्वच.